टपाची मागची खिडकी

आमच्या गाडीला मागे काच नव्हती. काळ्या कापडी टपाला मागच्या बाजूने पारदर्शक प्लास्टिकचा एक लांबट तुकडा शिवलेला होता. शेजारी शेजारी दोन ताटं ठेवावीत, साधारण तेवढा. टप दुमडून मागे टाकला की तोही दुमडायचा. तुमच्या गाडीत मागचं सगळं पडद्यावर दिसतं, असं तुम्ही परवा फोनवर सांगत होतात तेव्हा मला तो तुकडा आठवला. त्याच्यावर माझा एक अख्खा उन्हाळा गेला होता.

ही गाडी कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यातल्या एका साहेबाने मागवलेली. तो देश सोडून गेला तेव्हा ती तुमच्या आजोबांनी घेतली. साहेबाच्या देशात ऊन निघालं की टप उघडून फिरायची हौस असते म्हणे. आमच्या ढाणकीला त्याचा उपयोग उलटा झाला. ऊन निघालं की आम्ही टप वर ओढायचो, आणि ऊन तर वर्षातले बहुतेक दिवस असायचंच. त्या उन्हाने आणि हंगामात कापसाच्या गाड्यांनी उडवलेल्या धुळीने ते प्लास्टिक आधी पिवळट झालं, मग दुधट. मी ढाणकीत काही वर्षं काढली तोवर ते पाणी घातलेल्या ताकासारखं दिसायला लागलं होतं. गाडीत बसून मागे पाहिलं तर उजेड कळायचा, बाकी काही नाही. बाहेर बाजूला एक गोल आरसा होता, तो केव्हाच गळून गेला होता. होता तेव्हाही चालवणाऱ्याला त्यात स्वतःचं कोपरच दिसायचं.

आमच्या घरची कापसाची अडत होती. एके दिवशी तुमचे आजोबा अडतीच्या आवारात गाडी मागे घेत होते. मागे एका शेतकऱ्याची कापसाने भरलेली बैलगाडी उभी होती. बैल सोडलेले होते म्हणून थोडक्यात निभावलं. आमची गाडी तिच्या धुरीवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, आदळली आणि अर्धा कापूस खाली आला.

"भाऊसाहेब, मांगं पाहा नं जी!" तो शेतकरी ओरडला.

"अरे, मागचं दिसत नाही!"

"दिसत नाई तं चालवता कायले?"

सगळं आवार हसलं. तुमचे आजोबाही हसले, पण मामंजी हसले नाहीत. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांनी गाडी गोठ्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये लावायला सांगितली, आणि ती तिथेच राहिली. कोंबड्या तिच्या पायरीवर बसायला लागल्या.

नवं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. उमरखेडच्या मुलींच्या शाळेला इंग्रजी शिकवणारी बाई हवी होती. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ कापसाच्या व्यवहारामुळे मामंजींच्या ओळखीचे होते. ते बैठकीत बसून म्हणाले, "तुमची सून बी.ए. हाये म्हणते. शाळा उघडन त्या दिवशी उभी राहीन का? नाई तं आम्हाले दुसरी पाहा लागन."

मी आत चहा करत होते. चहा उतू गेला.

मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते त्या घरात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. नागपूरला कॉलेजात शिकलेलं माझं इंग्रजी आता फक्त तारा वाचण्यापुरतं उरलं होतं. गावात कोणाकडे तार आली की ती आमच्याकडे आणायचे, आणि त्या काळी तारा बहुधा मरणाच्याच असत. दारात एखादा माणूस कागद धरून उभा राही, मी तो कागद वाची, आणि त्या माणसाचं तोंड पाहत मराठीत सांगे. माझ्या बी.ए.चा गावाला झालेला उपयोग तेवढाच. बाकी दिवस पहाटेपासून चूल, दूध, मुलं, अडतीवरच्या माणसांच्या भाकरी, आल्यागेल्याचा चहा. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरातलं मोठं बायमाणूस म्हणजे मामंजींची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई. त्या लहान वयात विधवा होऊन भावाकडे आलेल्या. त्यांच्याकडे ताक, दिवेकंदील आणि मुलांचं न्हाणं. उरलेलं माझ्याकडे. मी आजारी नव्हते, दुःखीही नव्हते. दमलेली होते. झोपून उठलं तरी दमलेली असायची.

शाळा अकरा ते पाच. बस पहाटे निघायची आणि परतीची अंधार पडल्यावर यायची, तेव्हा बसने जमण्यासारखं नव्हतं. तुमचे आजोबा अडत सोडून रोज मला नेऊ शकत नव्हते. पण गाडी मला चालवता येत होती. माझे वडील जंगल खात्यात होते. त्यांनी मला जीपवर शिकवलं होतं आणि माझ्याकडे नागपूरचं लायसन्स होतं. खरं सांगायचं तर तुमच्या आजोबांपेक्षा मी बरी चालवायची, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नसू.

रात्रीच्या जेवणाला मामंजी म्हणाले, "मी नाई म्हणत नाई. जावं सूनबाईनं. पण दोन गोष्टी. टप वर राहीन. आपल्या घरची सून उघड्या गाडीत बसून बाजारातून जाणार नाई. आन दुसरं, मांगचं दिसलं पाहिजे. नाई तं यानं केलं तसं होईन."

"बाबा, टप वर असला की मागचं दिसणार कसं?" तुमचे आजोबा म्हणाले. "ती खिडकी आंधळी झाली आहे."

"थे तुम्ही पाहा," म्हणून मामंजींनी ताटात हात धुतला.

तुमच्या आजोबांनी आधी आपली युक्ती केली. रॉकेलचा बोळा घेऊन ते प्लास्टिक पुसलं. त्याने ते तेलकट झालं, धूळ आणखी चिकटली आणि एका कोपऱ्यात बारीक जाळं पडलं. मग ते नागपूरला गेले तेव्हा दुकानांत विचारून आले. तसलं प्लास्टिक मुंबईलाच मिळेल, तेही नक्की नाही, असं कळलं. "राहू दे आता," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू." ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. पुढलं वर्ष त्यांना जवळ दिसत होतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेले.

मे महिना. वर टिनाचे पत्रे. जेवणं आटोपून घर झोपलेलं. ती माझी पडायची वेळ होती, दिवसातली तेवढी एकच. एवढ्या उन्हात तिथे उभं राहिलं की कानशिलं ठणकायची. पण सकाळ माझी नव्हती आणि संध्याकाळही नव्हती, तेव्हा दुपार खर्च केली.

आधी रिठ्याच्या पाण्याने धुतलं, नुसत्या हाताने. फडकं लावलं असतं तर धुळीतली रेती घासली गेली असती. मग एका कोपऱ्यात, टपाच्या शिवणीखाली जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, एकेक वस्तू लावून पाहिली. नुसत्या तेलाने दोन तास बरं दिसलं, मग पुन्हा जैसे थे. खडूच्या भुकटीने रेघा पडल्या. शेवटी मुलांची दात घासायची पांढरी पावडर मलमलीतून चाळून, पाण्यात कालवून, वर खोबरेलाचे दोन थेंब घालून लावली, तेव्हा नखाएवढा भाग उजळला. मी त्यातून पाहिलं. गोठ्याच्या दाराची कडी दिसली.

घासायला रुई घेतली, म्हणजे सरकी काढलेला कापूस. अडतीत रुईला काय तोटा! पण जिनिंगमधून आलेल्या रुईत सरकीच्या टरफलाचा बारीकसा चुरा असतो आणि तो प्लास्टिकला ओरबाडतो. म्हणून तांदूळ निवडतात तशी मी आधी रुई निवडायची. गोल गोल घासलं की भोवरे उमटत, म्हणून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ हात चालवायचा. त्यातही अडचण अशी की प्लास्टिक लवचीक. बाहेरून दाबलं की आत जायचं. मागून कोणीतरी टेका द्यायला हवा.

तो टेका आत्याबाईंनी दिला. मी त्यांना बोलावलं नव्हतं. दुपारी त्यांनाही झोप येत नसे. त्या शेडमध्ये येऊन विचारायला लागल्या, "काहून वो, एवढ्या उन्हाची काय करून राह्यली?" मी सांगितलं. त्यांनी जेवायचा पाट आणला, त्याला जुन्या लुगड्याचं मऊ धडपं गुंडाळलं, मागच्या सीटवर गुडघे टेकून बसल्या आणि पाट आतून धरला. मी बाहेरून घासायची. मध्ये ते दुधट प्लास्टिक. मला त्यांची नुसती सावली दिसायची आणि आवाज यायचा.

"सूनबाई, तिथं शाळेत पोरी तुले काय म्हणतीन?"

"बाई म्हणतील."

"नुसतं बाई?"

"नुसतं बाई."

"बरं हाये," आत्याबाई म्हणाल्या. मग पाट सरकवत म्हणाल्या, "मले तं आत्याच म्हणतात सारे. गावातले बुढेही म्हणतात. म्या कोणाची आत्या हाये हे त्यायलेही ठाऊक नाई."

असं रोज चाललं. एक बाजू झाली की आतून घासायचं, मग पुन्हा बाहेरून. कधी हात इतका भरून यायचा की संध्याकाळी भाकरी थापताना कडा फाटायच्या. मामंजी ताटातली भाकरी उचलून पाहायचे. एका दुपारी आत्याबाई पाट बाजूला करून म्हणाल्या, "आता तुयं नाक दिसून राह्यलं." पुढे डोळे दिसले. मग त्यांना माझ्या कपाळावरचा घाम दिसायला लागला आणि त्या आतून पदराने पुसायचा हावभाव करायच्या.

जून निम्मा उलटला तेव्हा ते प्लास्टिक नव्यासारखं नाही, पण पाण्यासारखं झालं. जाळं पडलेला कोपरा तेवढा राहिला.

मामंजींनी परीक्षा घेतली. टप वर चढवला, मला चालकाच्या जागी बसवलं, समोरच्या काचेवरचा आतला आरसा नीट करायला सांगितला आणि स्वतः छत्री घेऊन विहिरीपाशी जाऊन उभे राहिले.

"काय दिसते?"

"छत्री मिटलेली आहे. आता उघडली. आता डोक्यावर धरलीत."

"आता?"

"आता मागून म्हैस आली आहे, मामंजी. तुमच्या धोतराला तोंड लावते आहे."

मामंजींनी उडी मारली. तुमचे आजोबा पोट धरून हसले. मामंजी धोतर झटकत आले आणि म्हणाले, "दिसते म्हणा सूनबाईले. सोमवारपासून जा."

माझा आनंद मोठा नव्हता. आता झोपता येईल, एवढंच पहिल्यांदा वाटलं.

रविवारी मी आठवड्याची तयारी करत होते. डाळी निवडून, भरडून, डब्यांत भरून ठेवायच्या होत्या. माझ्या दोन सुती पातळांना इस्त्री करायची होती. दुपारी वावटळ आली आणि शेडमध्ये धूळ भरली. त्याकडे लक्ष द्यायला मला फुरसत नव्हती. उन्हं कलल्यावर आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मनगटापर्यंत हात करडे. चेहरा खुललेला.

"चाल, पाहून घे. अशी चकाकवली बाप्पा, कंदिलाच्या काचेवानी!"

मी उठले. त्यांच्या मागोमाग शेडमध्ये गेले. प्लास्टिक नुकतंच ओल्या फडक्याने पुसलेलं होतं आणि खरंच स्वच्छ दिसत होतं. त्यातून गाडीची सीट दिसत होती, सीटवर पडलेलं कोंबडीचं पीस दिसत होतं. आम्ही दोघी पाहत उभ्या राहिलो, आणि ते कडेकडेने वाळत गेलं. जिथे वाळलं तिथे पांढरं झालं. आधी कडा, मग वरचा भाग. मधोमध थोडा ओला तुकडा राहिला, तोही वाळला.

"हे काहून वो असं झालं?" आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, कशाने घासलंत?"

"राखेनं. मंग कशानं? वावटळीनं सारं मळलं व्हतं. तुयी पांढरी पूड सरली. म्हटलं, उद्या पयला दिवस हाये. पऱ्हाटीची राख घेतली, चांगली पांढरी. दोनदा चाळली म्या, कपड्यातून."

आमच्याकडे कापूस वेचून झाला की झाडाच्या वाळक्या काड्या उपटून आणतात. त्या पऱ्हाट्या. वर्षभर चुलीत त्याच जळायच्या. त्यांची राख मऊ आणि पांढरी होते, आणि त्या भागातल्या घराघरांत कंदिलाच्या काचा त्याच राखेने घासल्या जायच्या. आत्याबाईंनी उभा जन्म घासल्या होत्या. मी पांढऱ्या भुकटीने घासताना त्यांनी महिनाभर पाहिलं होतं. मी चाळून घ्यायची, त्यांनीही चाळून घेतली. कंदिलाची काच जशी गोल हात फिरवून घासतात तसा हात फिरवला. साऱ्या प्लास्टिकवर ओरखड्यांचे भोवरे उमटले होते, एकमेकांना लागून.

मी गाडीच्या पायरीवर बसले. राग यायला अंगात काहीतरी लागतं. ते नव्हतं. मी मनाशी हिशेब करत होते तो एवढाच की पुन्हा हे सगळं करायला किती दुपारी लागतील, आणि तोपर्यंत उमरखेडच्या वर्गात दुसरी बाई उभी असेल.

"सूनबाई, बोल नं काही," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, चहा ठेवायचाय," मी म्हटलं आणि उठले.

रात्री जेवताना मामंजींनी विषय काढला. त्यांनी संध्याकाळी शेडमध्ये जाऊन पाहिलं होतं.

"मंग उद्याचं राहू द्या."

"उद्या मी सोडून येतो," तुमचे आजोबा म्हणाले.

"आन परवा?"

तुमचे आजोबा ताटाकडे पाहायला लागले. मी भाकरी वाढली. मुलांना ताक दिलं. तेवढ्यात आतल्या दारातून आत्याबाई म्हणाल्या, "म्या बसतो मांगं."

"कुठं बसतं तू?" मामंजी म्हणाले.

"गाडीत. मांगच्या सीटवर, उलटी. टपाच्या बाजूचं फडकं वर करून डोस्कं काढतो आन मांगं काय येऊन राह्यलं थे सूनबाईले सांगतो. तुले मांगचं दिसलेलं पाहिजे नं? म्या पाहातो."

मामंजी घुटमळले. "आक्का, पयला दिवस हाये पोरीचा."

याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता, तुम्हाला सांगायला हवा. घरातून कोणी चांगल्या कामाला निघालं की विधवेने समोर येऊ नये, असं तेव्हा मानत. आत्याबाई ते आपण होऊनच पाळत. कोणी परीक्षेला, सोयरिकीला, नव्या सौद्याला निघालं की त्या आधीच मागच्या दाराने परसात जात. मी या घरात नवरी म्हणून आले त्या दिवशी त्या मला दिसल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ताक घुसळताना दिसल्या.

"सामने कायले येतो म्या?" आत्याबाई म्हणाल्या. "म्या तं मांगं बसतो."

मामंजींनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "हळू चालवजा."

आत्याबाई येणार म्हटल्यावर त्यांची कामंही माझ्या पहाटेत आली. ताक मी केलं. मुलांना मी न्हाऊ घातलं. तुमची आई आणि मामा गावच्या शाळेत जात, शाळा सुटली की अडतीत तुमच्या आजोबांजवळ बसत. त्यांचे डबे भरले. कंदिलांच्या काचा तशाच राहू दिल्या. निघायच्या वेळी मी इतकी थकलेली होते की किल्ली फिरवताना एखादा दिवस संपवून घरी परततेय असं वाटलं. या रस्त्यावरच्या एका तासाची मी मनात फार वाट पाहिली होती. एक तास कोणी हाक मारणार नाही, असं म्हटलं होतं. ते काही झालं नाही.

"बैलगाडी हाये. दूर हाये," मागून आवाज आला. "तू चाल."

मी चालवत राहिले.

"तांड्यावरच्या बाया येऊन राह्यल्या, डोक्यावर लाकडं हायेत. थ्या काय गाडीच्या पुढं जातात! चाल तू."

"आत्याबाई, फक्त मोटार आली तर सांगा."

"बरं." दोन वळणं गेली. मग, "सूनबाई, आली! लाल हाये. केवढी हाये माय वो! पाय, पाय! नाई, तू नको पाहू, तू सामनेच पाय!"

मी गाडी बाजूला घेतली. मालमोटार धूळ उडवत गेली. आत्याबाईंनी डोकं आत घेतलं, तोंडावरची धूळ पुसली आणि पुन्हा बाहेर काढलं.

"सूनबाई, आपलं गाव एवढुसं झालं आता."

"हं."

"म्या आलतो तवा बैलगाडीत आलतो. डोक्यावरून पदर, तोंड खाली. बाप होता संगं. रस्ता कसा हाये थे पाह्यलंच नव्हतं." मग लगेच, "एक सायकल हाये. चिल्लर हाये. चाल."

शाळेत मी तो दिवस कसा शिकवला ते मला नीट आठवत नाही. घसा बसला होता एवढं आठवतं. मुली पहिल्या तासाला नुसत्या पाहत बसल्या. मी इंग्रजीतलं एक वाक्य मोठ्याने वाचलं, त्यात कोणाच्या मरणाची बातमी नव्हती, आणि कितीतरी वर्षांनी माझा इंग्रजीतला आवाज मला ऐकू आला. आत्याबाई आवारातल्या कडुलिंबाखाली बसून होत्या. त्यांनी कमरेला खोचलेली रुई काढून वाती वळल्या. मधल्या सुटीत मुलींनी त्यांना घेरलं. त्यांना तिथेही मुली आत्याच म्हणायला लागल्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं तर एका मुलीची वेणी त्यांच्या हातात होती.

परतताना आत्याबाई पहिल्या वळणापर्यंत बोलल्या. मग आवाज थांबला. मी आरशात पाहिलं तर दुधट प्लास्टिकसमोर त्यांचं डोकं सीटच्या पाठीवर कलंडलेलं दिसलं. तोंड उघडं. गुडघे टेकलेल्या अवस्थेतच झोप लागली होती. मागून एक ट्रक बराच वेळ भोंगा वाजवत होता. मी कानानेच अंदाज घेतला, गाडी कडेला उभी केली, तो गेला. हाक मारली असती तर त्या दचकून उठल्या असत्या आणि खजील झाल्या असत्या. तो तास मी तशीच चालवत आले. कोणी हाक मारली नाही.

गाडी दाराशी थांबली तेव्हा त्या जाग्या झाल्या. मामंजी ओट्यावर वाट पाहत होते.

"मांगचं दिसलं का?"

"सारं दिसलं," आत्याबाई उतरता उतरता म्हणाल्या. सीटच्या शिवणीचा वळ त्यांच्या गालावर उमटला होता. "म्या होतो नं पाहाले."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यांची पिशवी उचलली आणि आत गेले. चूल पेटवायची होती आणि कंदील अजून घासायचे होते.

दिवाळीत तुमचे आजोबा मुंबईला गेले होते. येताना त्यांनी त्या प्लास्टिकची नवी गुंडाळी आणली. तिच्यासाठी ते फार हिंडले होते. "घे, आता शिंप्याकडून बसवून घे," म्हणाले. "आत्याला रोज कशाला दगदग."

आत्याबाई तेव्हा दारात बसून दुसऱ्या दिवसाच्या वातींसाठी रुई पिंजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले.

मी गुंडाळी घेतली, वर्तमानपत्रात बांधली आणि माळ्यावर ठेवली. शिंप्याचा हंगाम आहे म्हटलं, मोकळा झाला की बोलवू. मार्चमध्ये तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं, तेव्हाही मी तेच सांगितलं. मग त्यांनी विचारायचं सोडलं.